नाव न वाचता दिग्दर्शक ओळखता येतो का?

या वेळच्या टपालात गाण्यांच्या व्हिडिओंविषयी बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांचं उत्तर चार ओळींत होतं त्यांना चारच ओळी दिल्या आहेत; दोन-तीन ठिकाणी मात्र आम्ही हात सैल सोडला आहे.

प्रश्न : काही दिग्दर्शकांचे व्हिडिओ श्रेयनामावली न पाहताही ओळखू येतात. ही ओळख नेमकी कशात असते? रंगात, लेन्समध्ये की विषयात?

रंग आणि लेन्स पहिल्यांदा डोळ्यांत भरतात, म्हणून शैली तिथेच असावी असं वाटतं. पण रंगांचे तयार साचे कुणालाही मिळतात आणि लेन्स भाड्याने मिळते. ज्यांचं काम ओळखू येतं, त्यांनी बहुतेक वेळा शूटिंगच्या आधी स्वतःवर एखादी अट घालून घेतलेली असते आणि ती शेवटपर्यंत पाळलेली असते.

जॅमिरोक्वायचा ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ (१९९६) घ्या. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर. पाहताना वाटतं की खोलीची जमीन सरकतेय आणि गायक तिच्यावरून वाहून चाललाय. प्रत्यक्षात जमीन जागच्या जागी होती. भिंती चाकांवर होत्या, त्या ढकलल्या जात होत्या, आणि कॅमेरा भिंतीलाच पक्का केलेला असल्यामुळे भिंती स्थिर दिसत होत्या. कॅमेरा भिंतीपासून सुटला की सगळा खेळ उघडा पडला असता. ही झाली अट. राखाडी रंग, टोपी, नाच हे त्या अटीच्या मागून येतात.

हाइप विल्यम्स यांचं नाव निघालं की लोक फिशआय लेन्स म्हणतात, म्हणजे खूप रुंद दाखवणारी आणि जवळचं सगळं फुगवून गोल करणारी लेन्स. मिसी एलियटचा ‘द रेन’ (१९९७) पुन्हा पाहा. त्यातला हवा भरल्यासारखा फुगलेला काळा पोशाखही गोलाई वाढवण्याचंच काम करतो. लेन्स आणि पोशाख दोघे एकाच दिशेला ओढतात. नुसती लेन्स घेतली तर हाती फक्त मोठं नाक लागतं.

एक चाचणी करून पाहा. आवाज बंद करून व्हिडिओ पाहा आणि त्याची अट एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘गूढ’, ‘स्वप्नवत’, ‘दमदार’ अशी विशेषणं आली, तर अट सापडलेली नाही. वाक्य क्रियापदावर उभं राहिलं, म्हणजे ‘कॅमेरा भिंत सोडत नाही’ असं काही, तर सापडली.

जाता जाता : एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी वाहिनी सुरू झाली १९८१ साली, पण गायक आणि गाण्याच्या पट्टीत दिग्दर्शकाचं नाव दिसायला १९९२ उजाडलं. त्याआधी प्रेक्षकाला अशी ओळख पटली तरी ती कुणाच्या नावावर मांडावी हे कळायला मार्ग नव्हता.

प्रश्न : डाफ्ट पंकच्या ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये प्रत्येक वाद्यासाठी नाचणाऱ्यांचा वेगळा गट आहे म्हणे. असं काही आम्हाला कमी साधनांत करायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

आधी त्या व्हिडिओत (१९९७, दिग्दर्शक मिशेल गॉन्ड्री, नृत्यरचना ब्लँका ली) काय चाललंय ते नीट पाहू. गोल मंच, मध्ये पायऱ्या आणि पाच गट. यंत्रमानव गोल फेरी मारतात : तो यंत्रातून बदललेला गाता आवाज. इवल्या डोक्यांचे उंच खेळाडू पायऱ्या चढतात-उतरतात : तो बेस. सूर वर गेला की ते वर, खाली आला की खाली. जलतरणाच्या वेशातल्या मुली म्हणजे वरच्या पट्टीतला सिंथेसायझर, सांगाडे म्हणजे गिटार आणि पट्ट्यांत गुंडाळलेल्या ममी म्हणजे ड्रम मशीन. वाद्य थांबलं की त्याचा गट थांबतो. गाण्यात नवा आवाज आला की मंचावरचं चित्र बदलतं.

सुरुवात चौकटीच्या वहीपासून करा. एका वाद्याला एक आडवी ओळ, एका बारला (ठरावीक ठोक्यांच्या एका आवर्तनाला) एक चौकट. गाणं १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोक्यांचं) आणि चार ठोक्यांच्या बारचं असेल तर ठोका अर्ध्या सेकंदाचा, बार दोन सेकंदांचा, आणि साडेतीन मिनिटांच्या गाण्यात १०५ बार होतात. ज्या बारमध्ये वाद्य वाजतं ती चौकट भरा, शांत असेल ती कोरी ठेवा. तासाभरात गाण्याचा नकाशा समोर येतो. कोणतं वाद्य तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं, हेही तेव्हाच कळतं. शक्य असेल तर संगीतकाराकडून वाद्यांचे सुटे ट्रॅक मागून घ्या. मिश्रणात दबलेली वाद्यं नुसत्या कानाने वेगळी काढायला फार वेळ जातो.

मग हालचाली ठरवा, आणि त्या आवाजाच्या गुणावरून ठरवा. सूर उंच तर शरीर उंच, सूर लांबला तर हालचाल लांबते, आवाज वाढला तर माणसं वाढतात. प्रत्येक गटाला एकच काम द्या. बेसच्या गटाने पायऱ्या चढायच्या आणि वर हातही हलवायचे असं झालं की तो बेस राहत नाही, नुसता नाच होतो. गट किती? पाच गट पेलायला ब्लँका ली यांच्यासारखी नृत्यरचनाकार लागते. पहिल्या खेपेला तीन पुरेत.

आता बिघडतं कुठे ते सांगतो. पहिली चूक कोऱ्या चौकटींची. वाद्य थांबलं की गटाने थांबलंच पाहिजे, पण उभं राहून कंटाळा येतो म्हणून नाचणारे डुलायला लागतात आणि सगळा हिशेब पुसला जातो. तालमीत हालचालींपेक्षा थांबण्यावर जास्त वेळ घाला. दुसरी चूक पावलांच्या वेळेची. ठोका ऐकून पाऊल उचललं तर ते उशिराच पडणार. पाऊल टेकण्याचा क्षण ठोक्यावर हवा, म्हणून उचलणं थोडं आधी. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबात चार-सहा फ्रेम आधी धरून चाला. तिसरी चूक संपादनातली. जवळचे शॉट भराभर लावले की प्रेक्षकाला दर वेळी शोधावं लागतं की बेस कुठे गेला. आख्खा मंच दिसेल असा, स्थिर कॅमेऱ्याचा आख्ख्या गाण्याचा शॉट आधी घ्या. बहुधा व्हिडिओचा कणा तोच ठरतो.

संपादनात आणखी एक गणित आडवं येतं. ठोक्याला किती फ्रेम? सेकंदाच्या फ्रेम गुणिले ६० भागिले बीपीएम. १२० बीपीएम आणि २४ फ्रेम असतील तर बरोबर १२ फ्रेमला ठोका. २५ फ्रेमवर तो साडेबारा होतो, म्हणजे प्रत्येक दुसरा ठोका फ्रेमच्या मध्यात. १२८ बीपीएमचं गाणं २४ फ्रेमवर घेतलं तर बारला ४५ फ्रेम, झकास. २५ वर ४६.८७५. तिथे कुणी ‘४७ धरू’ म्हणून पट्टी कापत गेला, तर बारला अष्टमांश फ्रेमची चूक साठत जाते आणि शंभराव्या बारला कट साडेबारा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद मागे पडतो. फ्रेम मोजून कट लावत जाऊ नका. दर बारच्या पहिल्या ठोक्यावर कानाने खूण मारा आणि तिथून मागेपुढे मोजा.

गॉन्ड्री यांनी हीच पद्धत माणसं काढून टाकूनही वापरली. केमिकल ब्रदर्सच्या ‘स्टार गिटार’मध्ये (२००२) आगगाडीच्या खिडकीतून दिसणारे खांब, इमारती, पूल ठोक्यागणिक येतात. चित्रण फ्रान्समध्ये नीम आणि व्हालांस यांच्या दरम्यानच्या गाडीतून झालं, आणि दृश्यं नंतर संगणकावर ठोक्यांप्रमाणे बसवली गेली. त्याआधी त्यांनी संत्री, काटे, कॅसेट, पुस्तकं, पेले, बूट रांगेत मांडून गाण्याची रचना पाहिली होती. कमी साधनांचाच प्रश्न असेल तर ती मांडणी तुम्ही आज रात्रीच करू शकता : टेबल, दहा-बारा वस्तू आणि वरून धरलेला मोबाईल.

प्रश्न : फिशआय लेन्स घेऊ का?

घ्या, पण कलाकार हाताच्या अंतरावर उभा करणार असाल तरच. लांबून फक्त वाकडी क्षितिजरेषा दिसते. नजरेचा टप्पा १८० अंशांपर्यंत जात असल्याने दिव्यांचे स्टँड, तुमचे बूट आणि तुमचीच सावली फ्रेममध्ये येते. प्रकाश सेटच्या आतच लपवावा लागतो.

प्रश्न : आजूबाजूचं सगळं संथ चाललंय आणि गायकाचे ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळतात, असे शॉट कसे घेतात? आम्ही प्रयत्न केला तर ओठ कुठल्या कुठे गेले.

गाणं वेगात वाजवून आणि कॅमेरा तितक्याच पटीने जास्त फ्रेमवर चालवून. कोल्डप्लेच्या ‘यलो’मध्ये (२०००) समुद्रकिनाऱ्यावर चालणारा गायक दुप्पट वेगाच्या गाण्यावर ओठ हलवत होता आणि चित्रण सेकंदाला ५० फ्रेमने झालं. व्हिडिओत गाणं नेहमीच्या वेगात आहे. लाटा, केस आणि पावलं अर्ध्या वेगात.

तुमची अंतिम पट्टी २५ फ्रेमची असेल तर ५० फ्रेम आणि २०० टक्के वेगाचं गाणं. २४ ची असेल तर ४८ फ्रेम. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं एक मिनिट पन्नास सेकंदांत संपेल. दुप्पट वेग गायकाला झेपत नसेल तर दीडपट घ्या : २४ च्या पट्टीसाठी ३६ फ्रेम आणि १५० टक्के. वेग वाढवताना सूर तोच राहील अशी सोय संपादनाच्या प्रणालीत असते; ती लावली नाही तर दुप्पट वेगाला आवाज एक सप्तक वर जातो आणि गायकाला हसू आवरत नाही. फाइलच्या नावातच ‘२००’, ‘१५०’ लिहून ठेवा आणि सुरुवातीला चार टिक टाका, त्याही वाढवलेल्या वेगात. नाहीतर पहिलाच शब्द हुकतो.

तुमचे ओठ का निसटले असतील? तीन शक्यता. एक : अनेक कॅमेरे जास्त फ्रेमच्या मोडमध्ये आवाज नोंदवतच नाहीत, त्यामुळे जुळवायला काही उरत नाही. शॉटच्या सुरुवातीला, गाणं वाजवणाऱ्या मोबाईलवरचे सेकंद कॅमेऱ्याला दाखवा. दोन : काही कॅमेरे फाइल आधीच संथ करून देतात. तिच्यावर संपादनात पुन्हा पन्नास टक्के लावले की चित्र चौपट संथ होतं. फाइलचे गुणधर्म पाहा; ती ५० ची असेल तर २५ ची म्हणून वाचायला सांगा, २५ ची असेल तर हात लावू नका. तीन : स्पीकरचं अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणून २५ फ्रेमला चौदा मीटरवर एक फ्रेम उशीर होतो. ५० फ्रेमवर तो सात मीटरलाच होतो. मोकळ्या मैदानात स्पीकर पस्तीस मीटर लांब ठेवला तर पाच फ्रेम गेल्या. छोटा स्पीकर गायकाच्या पायाशी, फ्रेमच्या बाहेर ठेवा.

जुळवताना ‘आ’ आणि ‘ओ’ कडे पाहू नका, ते कुठेही चालून जातात. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. ओठ मिटल्याची फ्रेम शोधा आणि ती त्या अक्षरावर बसवा. एका ओळीत अशी दोन अक्षरं जुळली की बाकीची ओळ आपोआप बसते.

प्रकाशाचं विसरू नका. फ्रेम दुप्पट केल्या की शटर, म्हणजे एका फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ, सेकंदाच्या १/५० वरून १/१०० वर जातं, म्हणजे प्रकाश निम्मा. आणि विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असेल तिथे ४८ फ्रेम घेतानाही शटर १/१०० च ठेवा. १/९६ ठेवलंत तर साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडीच्या प्रकाशात चित्र लुकलुकतं. प्रवाह ६० हर्ट्झचा असेल तर १/१२०.

प्रश्न : आणि उलटे चालणारे व्हिडिओ? म्हणजे सगळं मागे जातंय, पण गाणं सरळ.

तत्त्व तेच, मेहनत जास्त. गाणं उलटं करून वाजवायचं, गायकाने उलटे उच्चार पाठ करायचे, शूटिंग झालं की चित्र उलटायचं. कोल्डप्लेच्याच ‘द सायंटिस्ट’साठी (२००२, दिग्दर्शक जेमी थ्रेव्ज) गायकाला उलटं गाणं बसवायला महिनाभर लागला. फारसाइडच्या ‘ड्रॉप’साठी स्पाइक जोन्झ यांनी उलटे उच्चार बसवायला भाषातज्ज्ञाची मदत घेतली होती. आख्खं गाणं पाठ करायला बसू नका. एकेक ओळ वेगळी उलटा आणि शॉटही ओळीगणिक पाडा. चालताना टाच आधी टेकते, उलट चालताना चवडा. हे पाळलं नाही तर चित्र उलटल्यावर माणूस लंगडतो. धूर, पडतं पाणी, उडते कपडे कुठे ठेवायचे ते विचारपूर्वक ठरवा. उलटेपणा त्यांच्यातच दिसतो, त्यामुळे ते मुळीच नसतील तर एवढी मेहनत कुणाच्या लक्षातही येणार नाही.

प्रश्न : रॉकच्या व्हिडिओत गोदाम आणि मागून येणारा प्रकाश, रॅपमध्ये गाड्या, विरहगीतात पाऊस. हे संकेत मोडायचे कसे? आणि मोडल्यावर गाण्याचा श्रोता दुरावणार नाही ना?

मोडण्याआधी ते मोजा. संकेत म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं, पण कागदावर उतरवायला सांगितलं की दोन-तीन गोष्टींपुढे कुणी जात नाही. त्या प्रकारातले अलीकडचे पंधरा-वीस व्हिडिओ आवाज बंद करून पाहा आणि तक्ता करा : जागा कोणती, कॅमेरा डोळ्यांच्या वर की खाली, चेहरा पहिल्यांदा कितव्या सेकंदाला, ओठ हलतात का, मुख्य प्रकाश कुठून, शॉटची सरासरी लांबी किती. सरासरी काढायला एकूण सेकंदांना शॉटच्या संख्येने भागा : २१० सेकंदांत १४० शॉट असतील तर दीड सेकंद. ज्या रकान्यात बहुतेक व्हिडिओंचं उत्तर एकच येईल तो खरा संकेत. अनेकदा तो गाडी किंवा पाऊस नसतो, कॅमेऱ्याची उंची असते.

मग त्यातला एक मोडा. फार तर दोन. बाकीचे तसेच राहू द्या. सगळे एकदम मोडले तर नेमकं काय मोडलं ते प्रेक्षकाला कळतच नाही. त्याला वाटतं, हा वेगळ्याच गाण्याचा व्हिडिओ आहे. श्रोता दुरावतो तो इथे.

‘नथिंग कंपेअर्स टू यू’ (१९९०, दिग्दर्शक जॉन मेबरी) हे विरहगीत. गायिका कॅमेऱ्याकडे पाहून गाते, उदास आहे, मध्ये मध्ये ओसाड बागेतली दृश्यं येतात. हे सगळं संकेताला धरून. मोडलं ते एकच : शिनेड ओ’कॉनर यांच्या चेहऱ्यावरून कॅमेरा लवकर हटत नाही. जिथे इतरांनी चार वेळा कट केला असता तिथे एकदाही केलेला नाही. आज ते पाहताना नवल वाटत नाही, कारण नंतर अनेकांनी तसंच केलं.

हिरो मुराई यांनी चाइल्डिश गॅम्बिनोचा ‘धिस इज अमेरिका’ (२०१८) गोदामात घेतला. गायक पुढ्यात नाचतो, कॅमेऱ्याकडे पाहतो. रॅपमध्ये यात नवं काही नाही. पण संकेतानुसार पार्श्वभूमी गायकाला मोठं करण्यासाठी असते. इथे पार्श्वभूमीत पळापळ आणि हिंसा चाललीय, आणि नाच आपली नजर तिच्यावरून हटवतो. शॉट लांब असल्यामुळे प्रेक्षकाला निवड करावी लागते : नाच पाहायचा की मागचं. भराभर कट केले असते तर ती निवड संपादकानेच करून टाकली असती. एक संकेत मोडण्यासाठी दुसरा, म्हणजे शॉटची लांबी, हलवावा लागला.

तिसरी वाट उसनवारीची. बीस्टी बॉइजचा ‘सॅबोटाज’ (१९९४, स्पाइक जोन्झ) हा वाद्यं न दाखवता सत्तरच्या दशकातल्या पोलीस मालिकेची नामावली असल्यासारखा केलेला व्हिडिओ आहे. परक्या प्रकाराचे संकेत जसेच्या तसे पाळल्यामुळे स्वतःच्या प्रकाराचे आपोआप मोडले गेले. हे सोपं दिसतं आणि इथेच सर्वांत जास्त लोक घसरतात. नकली मिशा लावल्या, पण चित्र आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचं, मागचं सगळं धूसर, प्रकाश मऊ. त्या काळचं चित्र हवं तर झूम लेन्स घ्या, झूम शॉट चालू असतानाच करा, छिद्र एफ ५.६ च्या आसपास ठेवा म्हणजे मागचंही स्पष्ट दिसेल, प्रकाश कडक आणि फ्रेम चारास तीनची ठेवा. आणि कलाकारांनी गंभीर राहायचं. एकाने जरी कॅमेऱ्याकडे पाहून ‘गंमत आहे बरं का’ असा चेहरा केला की ती शाळेच्या संमेलनातली नाटिका होते.

फॅटबॉय स्लिमच्या ‘प्रेझ यू’चा दाखला सगळे देतात : सिनेमागृहाबाहेर, परवानगी न घेता, हौशी वाटेल असा नाचाचा गट, आणि खर्च आठशे डॉलरच्या आसपास. खरं आहे. पण त्यावरून ‘कच्चं काम म्हणजे बंडखोरी’ असा अर्थ काढू नका. त्या नाचातला ओबडधोबडपणा बसवलेला आहे. त्या व्हिडिओला १९९९ मध्ये एमटीव्हीचा नृत्यरचनेचाही पुरस्कार मिळाला.

प्रश्न : एकाच शॉटमधला व्हिडिओ करतोय. दर वेळी शेवटच्या मिनिटात काहीतरी चुकतं आणि पुन्हा पहिल्यापासून. उपाय?

अवघड गोष्टी पुढे आणा. बहुतेक जण मोठी करामत शेवटाला ठेवतात, आणि ती फसली की आधीची तीन मिनिटं वाया. तीच पहिल्या चाळीस सेकंदांत आली तर फसल्यावर चाळीस सेकंदच जातात. शेवटाला दिसायला भव्य पण करायला सोपं असं काही ठेवा : प्रकाश बदलणं, गर्दी आत येणं, पडदा पडणं.

थोडं गणित करा. शॉटमध्ये वीस जागा अशा आहेत की जिथे काहीतरी चुकू शकतं, आणि प्रत्येक जागा शंभरात ९५ वेळा जमते. तरी सगळ्या एकदम जमण्याची शक्यता ३६ टक्केच. प्रत्येक जागा ९० वेळा जमत असेल तर ती १२ टक्क्यांवर येते. म्हणून तालीम आख्ख्या गाण्याची कमी आणि सगळ्यांत कच्च्या दोन-तीन जागांची जास्त करा. पुन्हा मांडामांड करायला चाळीस मिनिटं लागत असतील तर दहा तासांत तेराच टेक होतात, हेही वेळापत्रकात आधी लिहा. ओके गो या बँडचा आठ ट्रेडमिलवरचा व्हिडिओ (२००६, ट्रिश सी) सतरा प्रयत्नांत झाला, आणि तिथे मांडामांड जवळजवळ नव्हतीच.

लपवलेला जोड वापरण्यात कमीपणा मानू नका. खांब आडवा जातो तिथे, कॅमेरा झर्रकन वळतो तिथे किंवा अंधाराच्या क्षणी दोन टेक जोडता येतात. त्यासाठी एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हातानेच बांधून ठेवा. ‘ऑटो’ राहिलं तर जोडावर रंग उडी मारतो. दोन्ही टेकमध्ये कॅमेऱ्याची दिशा आणि वेग एकच हवा. ओके गोच्याच वजनरहित विमानातल्या व्हिडिओत (२०१६) एका वेळी साधारण २७ सेकंदच तरंगता येत होतं. असे आठ टप्पे एकाच उड्डाणात घेऊन मधला वेळ काढून टाकला आहे. त्यांनी अडचण लपवली नाही, व्हिडिओची रचनाच तिच्यावर बेतली.

आणि कॅमेरामन उलटा चालणार असेल तर त्याच्या कमरेला धरून चालणारा माणूस हवाच. गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारं हातातलं उपकरण) घेऊन सलग टेक दिले की हात थरथरतात. चौथ्या-पाचव्या टेकनंतर विश्रांती सक्तीची करा.

प्रश्न : गायक म्हणतो, माझा चेहरा दिसलाच पाहिजे. माझ्या कल्पनेत चेहऱ्याला जागा नाही. कुणाचं ऐकावं?

गायक नवा असेल तर त्याचं. लोकांनी त्याला अजून ओळखायचंय, आणि तुमची शैली हा त्याचा प्रश्न नाही. फॅटबॉय स्लिमच्याच ‘वेपन ऑफ चॉइस’मध्ये (२००१) संगीतकाराऐवजी अभिनेता ख्रिस्तोफर वॉकन हॉटेलभर नाचतो, ते खपून गेलं, कारण नाचाच्या संगीतात गाणारा चेहरा तसाही मध्यभागी नसतो.

भांडण टाळायचं तर प्रस्तावातच सोडवा. तीन-चार पानांच्या प्रस्तावात पहिल्या दोन ओळींत अट लिहा, आणि पुढे स्पष्ट यादी द्या : चेहरा कितव्या सेकंदाला, किती वेळ, किती जवळून. ‘चेहरा दिसेल’ हे आश्वासन आणि ‘०:०८, ०:५२, २:१०’ ही यादी यांत फार फरक आहे. कधी चेहऱ्यालाच अटीत घेता येतं. रेडिओहेडच्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’मध्ये (२००८) कॅमेरा वापरलाच नाही, लेझरने मोजलेल्या बिंदूंतून चित्र उभं केलं. गाणारा चेहरा तरीही समोर आहे.

शूटिंगच्या दिवशी, काही झालं तरी, त्याच प्रकाशात आख्ख्या गाण्याचा एक ओठ जुळवलेला टेक घेऊन ठेवा. वीस मिनिटं लागतात. नंतर दुसरीकडे घेतलेला चेहरा ठिगळासारखा दिसतो.

प्रश्न : लोक म्हणतात, तुझं काम अमक्यासारखं दिसतं. स्वतःचं कसं सापडणार?

दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहून व्हिडिओ करत असाल तर तसंच दिसणार. संदर्भ बाहेरून आणा. तारसेम सिंग यांनी आर.ई.एम.च्या ‘लूझिंग माय रिलिजन’साठी (१९९१) कॅराव्हाजियोच्या चित्रांतला प्रकाश घेतला, मार्केझच्या कथेतला पंखवाला म्हातारा घेतला आणि भारतीय देवदेवतांच्या चित्रांची मांडणीही घेतली. तिन्ही गोष्टी रॉकच्या व्हिडिओंच्या बाहेरच्या.

नक्कल मात्र जरूर करा, सरावासाठी. आवडत्या व्हिडिओतले तीस सेकंद निवडा, शॉट मोजा, लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची अंदाजा आणि मोबाईलवर तसेच घ्या. जिथे जुळणार नाही तिथे का जुळलं नाही ते लिहून ठेवा. पुढचा व्हिडिओ करताना मागच्यातली एकच अट ठेवा, बाकी सगळं बदला. तीन-चार व्हिडिओंनंतरही जी अट सोडवत नाही ती तुमची.

प्रश्न : उभा व्हिडिओ आणि आडवा व्हिडिओ एकाच शूटिंगमध्ये काढावा का?

आडव्या १९२० × १०८० च्या चित्रातून ९:१६ ची उभी पट्टी कापली तर रुंदी ६०८ पिक्सेल उरते, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. गटांची मांडणी, लांबचा मंच, पार्श्वभूमीतली हालचाल यांतलं काही त्यात टिकत नाही. उभ्यासाठी वेगळा टेक घ्या : मुखडा आणि एक कडवं, कॅमेरा उभा धरून, माणसं एकमेकांच्या शेजारी न ठेवता पुढे-मागे आणि वर-खाली उभी करून. दोन्ही एकाच शॉटमधून हवेत असा आग्रह असेल तर मॉनिटरवर चिकटपट्टीने मधली पट्टी आखून घ्या आणि तिच्या बाहेर महत्त्वाचं काही ठेवू नका. मग आडवा व्हिडिओ दोन्ही बाजूंना रिकामा वाटेल, हे मात्र आधीच सांगून ठेवा.